‘सहायक शल्यचिकित्सक’ की ‘शल्यक्रिया-सहायक’?

पुण्यात अमेरिकन मेडिकल बिलिंगचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: नव्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. ‘असिस्टंट सर्जन’ आणि ‘असिस्टंट ॲट सर्जरी’ दोन्हींना ‘सहायक शल्यचिकित्सक’ म्हटलं तर चालेल का? आणि सहायक, सहाय्यक, साहाय्यक यांतलं बरोबर कुठलं?

ताई, दोन्हींना एकच शब्द वापरू नका. ‘सहायक शल्यचिकित्सक’मध्ये मुख्य शब्द शल्यचिकित्सक, सहायक हे त्याचं विशेषण. म्हणजे तो माणूस डॉक्टरच असला पाहिजे. ‘शल्यक्रिया-सहायक’ हा तत्पुरुष समास आहे: शल्यक्रियेतला सहायक. तो डॉक्टर असेल किंवा नसेलही. मेडिकेअरला, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला, हा दुसरा, व्यापक अर्थ लागतो, कारण तिथे फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनर हे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित मदतनीसही टेबलाशी उभे राहून मदत करतात.

नवी मुलं फसतात ती ‘एएस’ या मॉडिफायरवर, म्हणजे बिलात शस्त्रक्रियेच्या कोडला जोडायच्या दोन अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या खुणेवर. अक्षरं बघून कुणालाही वाटेल, हा असिस्टंट सर्जन. पण मेडिकेअरमध्ये तो डॉक्टर नसलेल्या या मदतनिसांसाठीच आहे. मदत करणारा डॉक्टर असेल तर 80. थोडा वेळच मदत लागली तर 81, आणि शिकवणाऱ्या हॉस्पिटलात योग्य निवासी डॉक्टर मिळाला नाही म्हणून दुसरा डॉक्टर उभा राहिला तर 82. पैशातही फरक पडतो. शस्त्रक्रियेचा मेडिकेअरचा दर 1000 डॉलर धरला, तर मदतीला उभ्या राहिलेल्या डॉक्टरचे 16 टक्क्यांनी 160 होतात आणि ‘एएस’वाल्याचे त्याच्या 85 टक्के, म्हणजे 136.

62 मात्र या घरातला नाही. तिथे दोन सर्जन एकच शस्त्रक्रिया वाटून करतात आणि दोघांनाही दराच्या 62.5 टक्के मिळतात. त्याला ‘सह-शल्यचिकित्सक’ म्हणा. ‘सह’ आणि ‘सहायक’ यांतलं अंतर मुलांना समजावणं अवघड नाही: मुंबईचे सहपोलीस आयुक्त आणि सहायक पोलीस आयुक्त यांच्यात किती पायऱ्या आहेत, ते विचारा.

मॉडिफायरला मी ‘प्रत्यय’ म्हणेन. ‘विशेषक’ चुकीचा नाही, पण त्यातून काम कळत नाही. संपूर्ण गुडघा बदलण्याचा कोड 27447. हा झाला मूळ शब्द. ‘27447-80’ केलं की शस्त्रक्रिया तीच राहते, पण बिल मदतीला उभ्या राहिलेल्या डॉक्टरचं होतं. ‘डॉक्टरने’ आणि ‘डॉक्टरला’ यांत डॉक्टर तोच, पण ‘ने’ की ‘ला’ यावरून वाक्यातली त्याची भूमिका बदलते, तसंच हे. ‘प्रत्यय चुकला म्हणून क्लेम परत आला’ हे वाक्य मुलांना चटकन कळेल.

आता शुद्धलेखन. ‘सहाय’ म्हणजे बरोबर जाणारा, सोबती. त्यावरून ‘सहायक’. ‘सहाय’ला ‘य’ प्रत्यय लागून भाववाचक नाम होताना पहिला स्वर वाढतो: साहाय्य. त्यावरून ‘साहाय्यक’ही बरोबर. ‘सहाय्य’ आणि ‘सहाय्यक’ सगळीकडे छापलेले दिसतात, पण त्यांत ‘स’ ऱ्हस्वच राहिला आणि ‘य’ मात्र जोडला गेला. टिपणांत ‘सहायक’ ठेवा, लिहायला सोपा आहे.

एक शब्द मला फार आवडतो, तो सांगतोच. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, रोगी आणि ‘उपस्थाता’. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, सेवा करणारा. रिट्रॅक्टर (शस्त्रक्रियेत छेद उघडा धरायचं अवजार) धरून तासन् तास ताटकळलेले आपले तरुण डॉक्टरही ‘आज सरांच्या केसला उभा होतो’ असंच म्हणतात. बिलात हा शब्द घालायला सांगत नाही, पण मुलांना शिकवताना एकदा फळ्यावर जरूर लिहा.