छाती आणि पाठ एकाच दिवशी? बिनधास्त कर

बेंच प्रेसचा (बाकावर पडून बार छातीवरून वर ढकलायचा) एक सेट, मिनिटभर दम, मग केबल रो (बसून केबल पोटाकडे ओढायची). पुन्हा मिनिटभर थांबून बेंच. एकीकडे पाठ राबते तेव्हा छातीला विसावा मिळतो, म्हणून वेळ वाचतो. दोन्हींचे ३ सेट, दर सेटला ८ ते १२ रेप्स (म्हणजे तितक्या वेळा), आठवड्यातून दोनदा. सध्या एवढंच.

नवखे चुकतात ते रोमध्ये. बेंचवर प्लेटा चढवत राहतात आणि रो नुसता उरकतात. कोपर बरगड्यांजवळून मागे ने, क्षणभर थांब, सावकाश सोड. कंबर झुलायला लागली की वजन ५ किलो उतरव.

स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) आणि डेडलिफ्टची (जमिनीवरून बार उचलणं) जोडी लावू नकोस. दोन्हींत कंबरच भरडते.

संध्याकाळी सातला मुंबईच्या जिममध्ये दोन मशिनं अडवलीस तर शिव्या खाशील. त्यापेक्षा एकाच बाकावर डंबेल प्रेस आणि डंबेल रो. नॅपकिन विसरू नकोस, घामाने बाक निसरडा होतो.