सॉफ्टवेअर विनामूल्य, मग पगार कशाचा?

कराडहून एका वडिलांनी लिहिले आहे : "माझी मुलगी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने आमच्या नात्यातल्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर करून दिली आणि तेव्हापासून आयुष्यभर हेच काम करायचे, असे ती म्हणते. पुण्यातील एका लहान वेब स्टुडिओने तिला प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावले आहे. पगार बेताचाच आहे. कॉलेजमध्ये मोठ्या कंपन्या मुलाखतींना येणार आहेत, पण त्यांना बसायची तिची इच्छा नाही. जे सॉफ्टवेअर कोणालाही फुकट मिळते, ते बसवून देण्याचे पैसे लोक किती दिवस देतील? आणि आता एआय आल्यावर हे काम उरेल तरी का?"

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे. आपली कन्या जे काम करू पाहते आहे, त्यातले जवळजवळ प्रत्येक साधन विनामूल्य आहे. सर्व्हरवर चालणारे लिनक्स, संकेतस्थळाची भाषा असलेले पीएचपी, माहिती साठवणारे मारियाडीबी आणि या सगळ्यांवर उभे असलेले, संकेतस्थळ बांधण्याचे व सांभाळण्याचे वर्डप्रेस ही सर्व मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला कोड त्याच परवान्याच्या अटी पाळून इतरांना देताही येतो. वर्डप्रेसचा परवाना पैसे घेण्यास मुळीच मनाई करत नाही. मात्र आपण दिलेला कोड पुढे देण्यापासून समोरच्याला अडवता येत नाही, एवढे तो पाहतो.

या परवान्याचे महत्त्व वर्डप्रेसच्या जन्मातच दिसते. बी-टू नावाचे एक जुने ब्लॉग सॉफ्टवेअर होते आणि त्याच्या मूळ कर्त्याने त्यावरचे काम थांबवले होते. त्या वेळी अवघ्या एकोणीस वर्षांचा असलेला अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल या दोघांनी तोच कोड हाती घेतला आणि 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. परवाना मुक्त असल्यामुळे त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात, आणि त्यांत अमेरिकेच्या व्हाइट हाउसचे व नासाचे संकेतस्थळही आहे. एखादी कंपनी बंद पडली म्हणजे तिचे सॉफ्टवेअरही संपले, असे या क्षेत्रात सहसा होत नाही, आणि 'किती दिवस' या आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आले.

उरलेले निम्मे उत्तर पैशांचे आहे. ग्राहक सॉफ्टवेअर बसवण्याचे पैसे देतो असे बाहेरून दिसते, परंतु पहिल्या आठवड्यानंतर तो खरे तर कोणीतरी जबाबदारी घेण्याचे पैसे देत असतो. ही जबाबदारी कशी असते, हे एका घटनेवरून सांगतो. 15 ऑक्टोबर 2014 रोजी भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊच्या सुमारास ड्रुपल या संकेतस्थळे चालवणाऱ्या दुसऱ्या मोठ्या मुक्तस्रोत प्रणालीच्या सुरक्षा चमूने जाहीर केले की, ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत एक गंभीर त्रुटी सापडली असून लॉगिन न केलेला कोणीही परका माणूस तिच्यातून थेट डेटाबेसमध्ये, म्हणजे साठवलेल्या माहितीत, शिरू शकतो. दुरुस्ती जेमतेम एका ओळीची होती आणि ती त्याच वेळी सर्वांना उपलब्ध करून देण्यात आली. काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. दोन आठवड्यांनी त्याच चमूने पुन्हा निवेदन काढले : जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेचारपर्यंत, ज्यांनी ही दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपल्या संकेतस्थळात कोणीतरी शिरले आहे असेच गृहीत धरावे, आणि आता नुसती दुरुस्ती करून भागणार नाही, कारण शिरणाऱ्याने मागे चोरवाट ठेवलेली असू शकते. त्या रात्री सॉफ्टवेअर फुकट होते आणि दुरुस्तीही फुकट होती. ती सूचना वाचणारा, कोणत्या ग्राहकाचे संकेतस्थळ कोणत्या आवृत्तीवर चालते हे ठाऊक असणारा, आधी बॅकअप घेऊन मग हात घालणारा माणूस मात्र फुकट मिळणारा नव्हता. आपल्या कन्येला पगार मिळेल तो अशा माणसाचा.

अशा रात्री रोज येत नाहीत. रोजचे काम शांत, बारकाईचे आणि पुष्कळदा कंटाळवाणे असते. सकाळी टिकिटांची यादी उघडायची, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी आणि मागण्या. एका शाळेचा प्रवेश अर्ज मोबाइलवरून जात नाही, एका दुकानाचे पान फार सावकाश उघडते, एका संस्थेला वार्षिक अहवाल चढवायचा आहे. बिघाड शोधायचा असेल तर आधी संकेतस्थळाची प्रत स्टेजिंगवर, म्हणजे लोकांना न दिसणाऱ्या चाचणीच्या जागी, उतरवून घ्यावी लागते. मग एकेक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेले छोटे पूरक सॉफ्टवेअर, बंद करत, चुकांची नोंद वाचत, गुन्हेगार सापडेपर्यंत चिकाटी धरावी लागते. कधी असे निघते की होस्टिंग कंपनीने, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने, सर्व्हरवर पीएचपीची आठवी आवृत्ती आणली आणि त्या आवृत्तीतून काढून टाकलेले एखादे फंक्शन वापरणारे दहा वर्षांपूर्वीचे प्लगइन त्यामुळे कोसळले. त्या प्लगइनचा लेखक केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असतो. कोड मुक्त असल्यामुळे तो उघडून स्वतः दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचता आला पाहिजे. मुलांना कोड लिहायला शिकवले जाते, दुसऱ्याचा वाचायला फारसे कोणी शिकवत नाही, आणि या व्यवसायातील निम्मा दिवस वाचण्यातच जातो.

मराठी संकेतस्थळांचे काम करणाऱ्याला आणखी एक जग सांभाळावे लागते, आणि त्याकडे आपल्या कन्येने विशेष लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. जुना डेटाबेस देवनागरी साठवू शकेल अशा अक्षरसंचात बांधलेला नसेल, तर त्यात भरलेला मराठी मजकूर वाचकाला नुसत्या प्रश्नचिन्हांच्या ओळी होऊन दिसतो. त्या मजकुराचा बॅकअप नसेल तर तो कायमचा गेला, कारण प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत काढता येत नाही. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरे साठवण्याची सामायिक पद्धत, रूढ होण्याआधी आपल्याकडील छापखाने, ग्रंथालये, साप्ताहिके आणि सहकारी संस्था यांनी वर्षानुवर्षे जो मजकूर टाइप केला, तो त्या त्या फॉन्टपुरताच वाचता येतो. त्यांतल्या पुष्कळ फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, पण 'किर्लोस्कर', 'मूर्ती' यांसारख्या शब्दांवर ती अडखळतात, आणि तपासायला मराठी नीट येणारा व डेटाबेसही समजणारा माणूस लागतो. अशी माणसे थोडी आहेत आणि काम डोंगराएवढे पडले आहे. कोण्या मोठ्या शहरातल्या परभाषिक डेव्हलपरला ते सहज जमणार नाही.

नोकरीच्या जागा मुख्यतः चार प्रकारच्या. ग्राहकांसाठी संकेतस्थळे बांधणाऱ्या एजन्सी आणि स्टुडिओ, स्वतःची प्लगइन वा थीम (संकेतस्थळाच्या रूपाचे तयार साचे) तयार करून वार्षिक शुल्कावर मदत व सुधारणा देणाऱ्या कंपन्या, होस्टिंग कंपन्या, आणि स्वतःचे संकेतस्थळ स्वतःच सांभाळणाऱ्या मोठ्या संस्था. पुण्यात वर्डप्रेसवरच काम करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या आहेत. याशिवाय फ्रीलान्सिंग आहे, परंतु नवख्या मुलीने थेट त्यात उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे कोडसोबत दर ठरवणे, लेखी करार करणे, थकलेली बिले वसूल करणे आणि कराचा हिशेब ठेवणे हे सगळे एकटीने करावे लागते. आधी दोन-तीन वर्षे जाणत्या माणसांच्या हाताखाली काढावीत.

एआयबद्दल मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. तयार थीम घ्यायची, पाच पाने भरायची, फोटो लावायचे आणि संपर्काचा फॉर्म जोडायचा, एवढ्याच कामावर पोट भरण्याचे दिवस सरत आले आहेत. मंगल कार्यालयाचे जे संकेतस्थळ आपल्या कन्येने केले, त्याचा पहिला आराखडा आज एखादे साधन अल्प वेळात देईल. पण त्या साधनाने लिहिलेल्या कोडची जबाबदारी ते साधन घेत नाही. बुकिंगचा फॉर्म भरणाऱ्या लोकांचे फोन नंबर उघड्यावर पडले तर मालक कोणाला विचारणार? तो विचारेल त्या माणसाला कोड समजलेला असला पाहिजे, मग तो कोणीही लिहिलेला असो. म्हणून तिने एआयची मदत अवश्य घ्यावी, मात्र ज्या ओळीचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही ती ओळ ग्राहकाच्या संकेतस्थळावर चढवायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

शिवाय या क्षेत्रात यापूर्वीही मोठे बदल आले आहेत. मुलेनवेग यांनी 2015 च्या अखेरीस वर्डप्रेसच्या वार्षिक भाषणात सर्वांना जावास्क्रिप्ट खोलवर शिकण्याचा गृहपाठ दिला होता. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या पाचव्या आवृत्तीतील नवा संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्या-मांडण्याचे साधन, मुख्यतः जावास्क्रिप्टवरच उभा होता आणि केवळ पीएचपीवर विसंबून राहिलेल्यांची त्या वेळी बरीच ओढाताण झाली. ड्रुपलची सातवी आवृत्ती 5 जानेवारी 2011 रोजी आली आणि 5 जानेवारी 2025 रोजी तिचा अधिकृत आधार, म्हणजे प्रकल्पाकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, संपला. त्यापुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे जवळजवळ सगळे संकेतस्थळ नव्याने बांधणेच होते. ज्याला मुळातले ज्ञान होते, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, डेटाबेसची रचना, गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि सर्व्हरची जुजबी देखभाल, त्याला या बदलांतून कामच मिळाले. बी.सी.ए.च्या अभ्यासक्रमात डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय असतात. परीक्षेपुरते उरकून टाकण्याचे ते विषय नव्हेत, हे तिला आपण माझ्या वतीने सांगावे.

मुक्तस्रोत क्षेत्राचा एक मोठा लाभ लहान गावच्या मुलांना होतो, तो असा की इथे काम उघड्यावर होते. वर्डप्रेस किंवा ड्रुपलमधील एखादा बग, म्हणजे चूक, नोंदवला, त्यावर दुरुस्ती सुचवली, तर ती चर्चा आणि दिलेले श्रेय सर्वांना कायम पाहता येते. नोकरीला घेणारा माणूस कॉलेजच्या नावाआधी ते पाहू शकतो. सुरुवात मराठी भाषांतरानेही करता येते. वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे, ते स्वयंसेवकांनीच भाषांतरित केले आहे, आणि नवनव्या प्लगइनचे शब्द सतत येत असल्यामुळे ते काम कधी संपत नाही. मुंबई, पुणे, नाशिक येथे वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांचे मेळावे, भरलेले आहेत, तर ड्रुपलची आशियातली पहिली परिषद फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त झाली होती. अशा मेळाव्यांना तिने एकदा जावे आणि शक्य असेल तर आपणही सोबत जावे. मुलगी ज्या माणसांमध्ये वावरणार आहे ती माणसे पाहिल्यावर आपली निम्मी काळजी कमी होईल.

आता या कामाची कठीण बाजू. परदेशी ग्राहक असतील तर बैठका संध्याकाळी उशिरा होतात. संकेतस्थळात मोठे बदल करायचे ते वर्दळ नसेल तेव्हा, म्हणजे रात्री किंवा रविवारी. ग्राहक कधी मजकूर महिनाभर देत नाही आणि मग दोन दिवसांत सगळे मागतो. मान, पाठ आणि डोळे यांची काळजी विशीतच घ्यावी लागते. सुरुवातीचा पगार मोठ्या कंपनीपेक्षा कमी असतो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्याच्या बदल्यात लहान स्टुडिओत पहिल्याच वर्षी ग्राहकाशी बोलण्यापासून सर्व्हरपर्यंत सर्व कामांना हात लागतो. मोठ्या कंपनीत तसे होईलच असे नाही.

तेव्हा निर्णयाविषयी. पदवी पूर्ण झालीच पाहिजे, त्यात तडजोड नको. कॉलेजमधील मुलाखतींनाही तिने बसावे. मुलाखत दिली म्हणून नोकरी घेण्याची सक्ती नसते, आणि हातात दोन पर्याय असले तर स्टुडिओशी बोलताना तिलाच बळ येते. दरम्यान परीक्षा होईपर्यंत मंगल कार्यालयाचे संकेतस्थळ तिने लेखी ठरावीक मोबदल्यावर सांभाळावे : दर आठवड्याला बॅकअप, प्रत्येक अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर, केलेल्या प्रत्येक कामाची वहीत नोंद. बांधण्याचा उत्साह सर्वांनाच असतो. या नीरस कामात तिचे मन रमते का, हे तेवढ्या महिन्यांत आपल्या दोघांनाही कळेल, आणि रमले तर पगार थोडा कमी असला तरी तिला पुण्याला जाऊ द्यावे.

जाण्यापूर्वी स्टुडिओला काही गोष्टी तिने स्वतः विचाराव्यात. तिने लिहिलेला कोड कोण तपासणार आणि किती वेळा? कामाच्या वेळेत मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावू देतात का? रात्रीची तातडी आली तर ती कोणाकडे असते आणि नवख्यांवर ती केव्हापासून येते? प्रशिक्षणाचा काळ किती महिन्यांचा आणि त्यानंतरचा पगार नेमणूक पत्रात लिहून देणार का? कोड तपासायला कोणी अनुभवी माणूस नाही असे उत्तर आले, किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची वा काम सोडल्यास मोठी रक्कम भरण्याची अट घातली, तर ती जागा नाकारावी. पुण्यात दुसरी मिळेल.