वेबसाइटपलीकडचे वेबचे काम

स. न. वि. वि.

रावेर तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या जळगावला बीसीएच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून तिला वेबच्याच क्षेत्रात जायचे आहे. मात्र तयार साचे घेऊन कोणीही तासाभरात वेबसाइट उभी करत असताना तिला नोकरी कोण देणार, असे आपण विचारले आहे. आपली काळजी रास्त आहे. नुसती पाने सजवण्याच्या कामावर विसंबून राहण्याचा सल्ला मीही देणार नाही.

परंतु वेबचे खरे काम पानामागे चालते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तोच मुळी निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली माहिती जोडण्यासाठी. आणि १९९३ मध्ये सर्नने ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आज त्याच मार्गाने एका संस्थेची प्रणाली दुसरीकडे माहिती किंवा सेवा मागते. या मागणीची ठरलेली पद्धत म्हणजे एपीआय. रेल्वेचे तिकीट काढताना आरक्षण एका प्रणालीत नोंदले जाते आणि पैसे दुसरीतून वळते होतात. समजा, पैसे कापले गेले आणि उत्तर पोहोचण्याआधीच संपर्क तुटला, तर तीच विनंती पुन्हा पाठवावी का? प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक दिलेला असेल, तर समोरची प्रणाली दुसरी विनंती ओळखते आणि पैसे दोनदा कापले जात नाहीत. असा विचार आधीच करून ठेवणारी माणसे बँका, रुग्णालये, मालवाहतूक आणि शासकीय सेवा या सर्व ठिकाणी लागतात.

म्हणून तिने एचटीटीपी (वेबवरील विनंती-उत्तराचे नियम), जेसन (माहिती पाठवण्याची मांडणी) आणि एसक्यूएल (साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची भाषा) यांचा पाया पक्का करावा, ओळख पडताळणीच्या पद्धती शिकाव्यात, आणि ४०१ (ओळख पटली नाही), ४०४ (मागितलेले सापडले नाही), ५०३ (सेवा तूर्त उपलब्ध नाही) या सर्व्हरकडून येणाऱ्या सांकेतिक उत्तरांचे अर्थ पाठ न करता स्वतः चुका घडवून समजून घ्यावेत.

प्रकल्पासाठी विषय आपल्या दाराशीच आहे. केंद्र शासनाच्या डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास बाजार समित्यांचे दैनंदिन भाव एपीआयद्वारे मिळतात. त्यात जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण दर असतो. त्यातून केळीचे भाव वेगळे काढून मराठीत दाखवणे हे वरवर सोपे वाटेल, पण ज्या दिवशी नोंदच नसेल त्या दिवशी काय दाखवायचे, येथे तिचा कस लागेल. जुना भाव आजचा म्हणून दिसला आणि त्यावर विसंबून एखाद्या शेतकऱ्याने घड कापले, तर नुकसान त्याचे होते. त्यामुळे भावाशेजारी तारीख ठळक असलीच पाहिजे.

पहिल्या नोकरीसाठी पुण्याला किंवा नाशिकला जावे लागण्याची शक्यता आहे, याची तयारी ठेवावी. तूर्त तिने हा विषय मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे मांडून तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मान्य करून घ्यावा. कळावे.