सुरुवात जॉन्सनपासून कर

राष्ट्राध्यक्षाची कारकीर्द जोखायला शिकायचं असेल तर १९६३ ते १९६९ या काळातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यापासून सुरुवात कर. सरसकट चांगले-वाईट ठरवू नकोस, दोन वह्या कर: एक देशातल्या कामांची, दुसरी युद्धाची.

पहिल्या वहीत १९६४चा नागरी हक्क कायदा, १९६५चा मतदान हक्क कायदा, वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना. त्याच वर्षीच्या स्थलांतर कायद्याने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली. आपली कितीतरी मराठी कुटुंबं त्यानंतरच अमेरिकेत स्थिरावली.

दुसऱ्या वहीत व्हिएतनाम. १९६३च्या अखेरीस तिथे सुमारे १६ हजार अमेरिकी सैनिक होते, १९६८मध्ये ५ लाखांहून जास्त. इथे मात्र घाई नको. ऑगस्ट १९६४मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झालाच नव्हता, तरी त्या बातमीवर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, लष्करी कारवाईची मोकळीक दिली. म्हणून निर्णयाच्या घडीला हाती कोणती माहिती होती, ते आधी तपास. जॉन्सन यांची टेलिफोनवरची संभाषणं ध्वनिमुद्रित आहेत, ती ऐकच. मे १९६४मध्येच ते या युद्धाबद्दल साशंक बोलताना ऐकू येतात. मला ते ऐकून फार वाईट वाटलं होतं.

आणि श्रेय वाटताना सिनेट, म्हणजे संसदेचं वरिष्ठ सभागृह, विसरू नकोस. जॉन्सन डेमोक्रॅट, पण विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या मतांशिवाय नागरी हक्क कायद्याची कोंडी तिथे फुटलीच नसती.