मौलाना म्हणजे नक्की कोण? मौलवी, इमाम, मुफ्ती यांच्यात फरक काय?

तुम्ही विचारलंय की मौलाना ही मशिदीतली पोस्ट असते का आणि कुठल्याही मुस्लिम धर्मगुरूला मौलाना म्हटलं तर चालतं का. पोस्ट नाहीये ती, शिकलेल्या माणसाला दिलेला मान आहे.

मूळ शब्द अरबी, मौला म्हणजे मालक किंवा रखवाला आणि ना म्हणजे आमचा. कुराणात सूरह बकरा या अध्यायाच्या शेवटच्या आयतीत, म्हणजे वचनात, हा शब्द थेट अल्लाहसाठी आलाय. आपल्या उपखंडात मात्र तो विद्वानांना लावतात, अरब देशांत अशा माणसाला सहसा शेख म्हणतात, आणि तुर्कस्तानात मेवलाना म्हटलं की लोकांना सूफी कवी रूमीच आठवतो.

भारतात साधारणपणे मदरशात आलिमचा, म्हणजे धर्माच्या विद्वानाचा, कोर्स पूर्ण केलेल्याला मौलाना म्हणतात. त्या अभ्यासक्रमाला दर्स-ए-निजामी म्हणतात, बऱ्याच ठिकाणी आठेक वर्षं जातात त्यात, आधी अरबी व्याकरण घोटून घेतात, मग फिकह (धर्माचे कायदे), तर्कशास्त्र, तफसीर (कुराणाचा अर्थ उलगडणं) आणि शेवटच्या वर्षी हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचे, सहा मोठे ग्रंथ, आणि ते झालं की जलशात सगळ्यांसमोर डोक्याला पगडी बांधतात, ती दस्तारबंदी. एवढी मेहनत असते म्हणूनच टीव्हीवर कुणी हा शब्द हिणवल्यासारखा वापरला की मला फार खटकतं.

पण डिग्री हवीच असंही नाही. अबुल कलाम आझाद घरीच शिकले, पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. इन्किलाब जिंदाबाद ही घोषणा देणारे हसरत मोहानी तर अलिगढच्या कॉलेजचे बीए, शायर आणि पत्रकार. दोघंही मौलानाच.

मौलवी जवळपास त्याच अर्थाने वापरतात, फक्त मौलाना जास्त आदराचं. इमाम हे मात्र काम आहे, नमाज पढवायचं, आणि जमातीत, म्हणजे एकत्र नमाज पढणाऱ्यांत, ज्याला कुराण नीट पढता येतं असा कुणीही पुढे उभा राहू शकतो. मुफ्ती म्हणजे फतवा देणारा, म्हणजे कुणी प्रश्न विचारला तर शरियतनुसार, म्हणजे इस्लामी कायद्यानुसार, मत देणारा, त्यासाठी आलिम झाल्यावर वेगळं शिकावं लागतं. हाफिजला अख्खं कुराण तोंडपाठ असतं. एकच माणूस हे सगळं असू शकतो. मुल्ला हाही एकेकाळी मानाचाच शब्द, पण आता टोमण्यासारखा वापरतात, त्यामुळे तो टाळाच.

समोरासमोर बोलताना नुसतं मौलाना नको, मौलानासाहेब म्हणा, आणि ते आलिम आहेत की नाही माहीत नसेल तर मशिदीत नमाज पढवणाऱ्यांना इमामसाहेब म्हटलेलं बरोबर ठरतं.