दारू सोडवायची आणि नशेचंच इंजेक्शन द्यायचं?

"मॅडम, यांची दारू सोडवायला आलो आणि डॉक्टर म्हणतात केटामाइन देऊ. त्याची तर लोक नशा करतात ना? एक सुटायचं आणि दुसरं लागायचं."

या बाईंसारखं बरेच नातेवाईक विचारतात आणि भीती रास्तच आहे. केटामाइनची सवय लागू शकते. दीर्घकाळ नशा करणाऱ्यांचं मूत्राशयही खराब होतं. पण १९७० पासून ते भुलीचं औषध म्हणून वापरात आहे. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरही ते देतात, तेव्हा मात्रा भुलीपेक्षा बरीच कमी असते: साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत शिरेतून, रक्तदाबावर लक्ष ठेवून. घरी न्यायला बाटली मिळत नाही.

त्यांच्या यजमानांचं नैराश्य दारूच्याही आधीचं. दोन औषधं पुरेसा काळ घेऊन गुण आला नव्हता. हे तपासावंच लागतं, कारण दारूमुळे आलेली उदासी बहुतेकदा दारू थांबल्यावर काही आठवड्यांत ओसरते. आधी दारू बंद केली, तीही रुग्णालयात. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं.

पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी, एरवी फक्त हो-नाही म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी आपणहून बायकोला विचारलं, "पोरीची परीक्षा झाली का गं?" बाई बघतच राहिल्या.

समुपदेशक म्हणून मला खरी काळजी वाटते ती इथे. "आता बरं वाटतंय, बोलायला कशाला येऊ?" असं ते म्हणालेच. एका इंजेक्शनचा परिणाम बहुधा आठवडाभरात उतरू लागतो. तेवढ्यात आम्ही कागद घेऊन बसलो: पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यायचं, तलफ आली की पहिला फोन कुणाला, मित्राने ग्लास पुढे केला तर नेमकं काय म्हणायचं. हे वाक्य तर त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. पहिल्यांदा आवाजच फुटेना.

बाईंना मी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला अभ्यासही सांगितला. त्यात ९६ जण होते. सहा महिन्यांत केटामाइन घेतलेल्यांचे दारूविना गेलेले दिवस जास्त भरले, त्यातही मानसोपचाराची जोड मिळालेल्यांचं चित्र अधिक आशादायक होतं. पुन्हा पिऊ लागण्याच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही. दारूच्या व्यसनावर हा अजून सर्वमान्य उपचार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

तुम्हालाही हा पर्याय सुचवला असेल, तर रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी कधी भास झाले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि इंजेक्शननंतरच्या आठवड्यात समुपदेशन कोण करणार, हे विचारा. याचं उत्तर मिळेपर्यंत होकार देऊ नका.