जरदोजी की जरदोसी?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे: ‘धाकट्या दिरांच्या लग्नासाठी शेरवानी बघायला गेलो होतो. किमतीच्या चिठ्ठीवर "जरदोसी वर्क" लिहिलेलं, विक्रेता "जरदोजी" म्हणत होता आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे आपलं जरीकामच की!" यातलं बरोबर काय? आणि याला मराठी शब्द नाही का?’

मूळ शब्द जरदोजी. फारसीत ‘ज़र’ म्हणजे सोनं आणि ‘दोख़्तन’ म्हणजे शिवणं. या क्रियापदाचं समासात येणारं रूप ‘दोज़’. सोन्याच्या तारेनं शिवतो तो ज़रदोज़ आणि त्याचं काम ती ज़रदोज़ी. नुक्ता मराठीत लिहीत नाहीत, म्हणून आपली जरदोजी. ‘दोसी’ला इथे काही अर्थ नाही.

पण त्या चिठ्ठीला हसण्याआधी आपल्याच घरातला एक शब्द पाहा. भूकंपात किंवा पालिकेच्या कारवाईत इमारत ‘जमीनदोस्त’ होते. पडलेल्या इमारतीची जमिनीशी कसली आलीय दोस्ती! मूळ शब्द ‘ज़मींदोज़’, म्हणजे जमिनीला शिवून टाकलेलं, जमिनीशी एक झालेलं. दोज़ तोच, जरदोजीतला. त्याचा अर्थ लागेना तेव्हा आपण ओळखीचा ‘दोस्त’ आणून बसवला आणि तो इतका रुळला की आज कुणी ‘जमीनदोज’ लिहिलं तर मुद्रितशोधक बिनदिक्कत दुरुस्त करील. तेव्हा दोसीवाल्यांना दोष देताना आवाज जरा खालीच ठेवू या.

‘स’ कुठून आला, याबद्दल माझा एक तर्क आहे. मराठीत ‘ज’चे उच्चार दोन. ‘जरा’, ‘जमीन’ यांतला वेगळा आणि ‘जीव’, ‘जेवण’ यांतला वेगळा. ई किंवा ए पुढे आला की आपला ज (आणि झसुद्धा) सहसा दुसऱ्या उच्चाराकडे वळतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणून बघा. त्यामुळे ‘जर’ आपल्या तोंडात मूळ फारसीच्या जवळ राहतो, पण ‘दोजी’तला घासून येणारा ज़ टिकवायला जीभ तयार होत नाही. तो टिकवण्याच्या धडपडीत काहींचा ‘स’ होतो. बोलण्यात चालू द्या. लिहिताना मात्र जरदोजीच लिहावं. लखनौच्या या कामाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही जरदोजी याच नावानं.

आता सासूबाईंचं जरीकाम. त्या पाऊण बरोबर आहेत. सोनं या अर्थाचा ‘जर’ आपल्याकडे केव्हाच मुरलेला आहे: जरतारी, जरीकाठी, पेशव्यांचा जरीपटका. पण मराठी माणूस जर म्हणाला की डोळ्यांसमोर पैठणीचा पदर येतो आणि ती जर मागावर विणलेली असते, कापड तयार होतानाच त्यात गेलेली. जरदोजीत कापड आधी तयार असतं. ते लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. या चौकटीला कारचोब किंवा नुसतं अड्डा म्हणतात. भोवती कारागीर मांडी घालून बसतात आणि सुईनं किंवा आरीनं काम चालतं. रेशमाच्या दोऱ्यावर धातूची तार गुंडाळली की होतो कलाबतू. चपट्या तारेचा बादला, स्प्रिंगसारख्या गुंडाळीचा सलमा. कलाबतू कापडावर अंथरून दुसऱ्या बारीक दोऱ्यानं टाचत नेतात. सलम्याचे तुकडे मण्यांसारखे सुईत ओवून बसवतात. म्हणून नक्षी कापडातून उठून आलेली दिसते आणि शेरवानी अंगावर जड होते. उलट्या बाजूला पाहिलं तर मुख्यतः साध्या दोऱ्याचे टाके दिसतील. शेरवानीला अस्तर असतं, तेव्हा हे बघायचं असेल तर न शिवलेला तुकडा मागून घ्या.

मराठी शब्दांचं म्हणाल तर ‘जरीचं भरतकाम’ चालेल, कुणालाही कळेल. मला ‘जरीचा कशिदा’ अधिक आवडतो. गंमत अशी की ‘कशीदा’ म्हणजे फारसीत ओढलेलं, रेखलेलं, आणि आपण कशिदा ‘काढतो’. शब्दात जे आहे तेच क्रियापदात पुन्हा आलं. (स्तुतीचे ‘कसीदे’ वेगळे. तो अरबी काव्यप्रकार, त्याचा सुईदोऱ्याशी संबंध नाही.)

निमंत्रणात किंवा घरच्या गप्पांत एकच शब्द हवा असेल तर ‘भरजरी’ आहे ना! शालू भरजरी, शेला भरजरी, मग शेरवानीनं काय घोडं मारलंय? विणलेली जर की टाचलेली, हा भेद त्यात उरत नाही, पण वऱ्हाडी मंडळी तेवढं बघत नाहीत. आणि शेरवानी, मोजडी, फेटा असा सगळा थाट एका शब्दात सांगायचा तर ‘जामानिमा’. यातला जामा म्हणजे अंगरख्यासारखा घेरदार पोशाख, निमा म्हणजे त्याच्या आत घालायचा आखूड कपडा. आज दोन्ही अंगावर नसतात, शब्द मात्र पूर्ण पोशाखात हिंडतो.

जाता जाता, शेरवानी म्हणजे नवरदेवाचाच कपडा, ही समजूत मराठवाड्यातल्या जुन्या माणसांपुढे बोलून दाखवू नका. १९४८ पर्यंत तो भाग निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीत, कोर्टात जाणारे मराठी लोकही शेरवानी घालत. त्या रोजच्या शेरवानीवर कलाबतूचा एक टाकासुद्धा नसे, फक्त गळ्यापर्यंत लावलेली बटणं.